रिंगा गेल्या नव्हत्या, पंखा गेला होता

देवबागला माझी 22 फुटी फायबरची होडी आहे. मागे 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, दोन सिलिंडरचं. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचे, कर्लीचा संगम आणि त्सुनामी आयलंड फिरवून आणायचं, यावर आमचं घर चालतं. गेल्या हंगामात या इंजिनावर मी 41,500 रुपये घालवले आणि इंजिनाला काही झालंच नव्हतं. आमच्या बंदरावर हा प्रकार झालेला मी एकटा नाही, हे नंतर कळलं, म्हणून हे लिहितोय.

पावसाळ्यात होडी वर काढली की इंजिन उतरवून ठेवतो. ऑगस्टमध्ये ते नेहमीच्या मेकॅनिककडे टेम्पोतून सर्व्हिसिंगला दिलं. नेहमीच्या म्हणजे चार वर्षांच्या ओळखीच्या. त्याच्या शेडमध्ये ते नऊ दिवस होतं. प्लग, गिअरचं तेल, कार्बोरेटरची सफाई, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, असे 3,500 झाले. तक्रार काहीच नव्हती.

सप्टेंबरमध्ये होडी पाण्यात उतरवली आणि पहिल्याच फेरीत कळलं की काहीतरी बिघडलंय. आठ माणसं बसली की होडी पाण्यावर उठेना. नाक वर करून नुसती पाणी ढकलत राहायची, ताशी 17 किलोमीटरच्या वर जाईना. पूर्वी एवढ्याच माणसांवर 29-30 सहज मिळायचे. रिकाम्या होडीचे आकडे मी इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो: 5200 आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), ताशी 39 किलोमीटर. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं छोटं मीटर मिळतं, त्यावर आरपीएम दिसतात आणि वेग मोबाइलच्या जीपीएसवर. आता पूर्ण रेस दिली तरी 4300 आणि 31.

मला जे समजतं ते मी आधी पाहिलं. होडीचं बूड नुकतंच घासून रंगवलेलं, शिंपले-शेवाळ नाही. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा होता. हा बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही आणि थोड्या वेळाने इंजिन उपाशी राहतं. पूर्ण रेसवर असताना भावाला पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहायला सांगितलं. त्याने आरपीएम वाढले असते तर पेट्रोलचा पंप कमी पडतोय असं समजायचं. वाढले नाहीत. इंजिन बंद ठेवून रेस पूर्ण मुरगळली आणि कार्बोरेटरचे पडदे पूर्ण उघडतात का ते बघितलं. केबल ताणली गेली की हाताला पूर्ण रेस लागते, आत मात्र तीन-चतुर्थांशच पोचते. तेही ठीक. एकेका प्लगची टोपी काढून पाहिली, दोन्ही सिलिंडर चालू होते.

एवढं सगळं बघितलं आणि बुडाखाली फिरणारी वस्तू तेवढी बघितली नाही. पंखा, म्हणजे प्रोपेलर, तो काय, आपलाच, असं धरून चाललो.

मेकॅनिक होडीवर आला. दोनदा रेस दिली, धुराकडे बघितलं आणि म्हणाला, "रिंगा गेल्यासत. हेड उघडूचा लागतला." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायचा गेज प्लगच्या भोकात बसवायला पाच मिनिटं लागत नाहीत. तो त्याने आणला नव्हता आणि मीही विचारलं नाही. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली. आमचा निम्मा हंगाम त्या दहा-बारा दिवसांत होतो, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. 38,000 सांगितले, आगाऊ. यूपीआयने पाठवले. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून 'इंजिन काम' एवढंच लिहून दिलं.

सहा दिवसांनी इंजिन आलं. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जुन्या रिंगा, पुरावा म्हणून. झिजलेल्या, काळ्या. मी बघितल्या, समाधान पावलो आणि पुडी फळीवर टाकली. होडी पाण्यात घातली तर आरपीएम तेच. मेकॅनिक म्हणाला, नवीन रिंगा आहेत, बसायला वेळ लागतो, वीस तास चालव. हे अर्धं खरं असतं. रिंगा खरंच बदलल्या की इंजिन सुरुवातीला जपून चालवायचं असतं. त्याच्या खोटेपणात असं अर्धं खरं बरंच होतं, म्हणून ते पचायचं. वीस तासांनी फोन केला तर म्हणे आता गिअरबॉक्स बघायला हवा, 15,000 लागतील.

दिवाळी त्याच इंजिनावर काढली. आठऐवजी पाच माणसं घेऊन, दर फेरीला जास्तीचं पेट्रोल जाळत.

नोव्हेंबरात एकदा ओहोटीला होडी वाळूवर टेकलेली. आमच्या शेजारचे आबा, जुने तांडेल म्हणजे होडीचे कप्तान, जाळं विणत बसले होते. पंख्याकडे बघत म्हणाले, "ह्यो पंखो तुझो नाय रे. तुझ्याक घासल्याची खूण होती."

खूण होती खरी. दोन वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाला एक पातं लागलेलं. मी स्वतः कानशीने घासून कड सरळ केली होती, नखाएवढी जागा बसकी राहिलेली. आता तिन्ही पाती गुळगुळीत, काळ्या रंगाची. सुरीने रंग खरवडला तर खाली मऊ पांढरट ॲल्युमिनियम. माझा पंखा स्टेनलेस स्टीलचा होता, काळा रंग मीच मारलेला. रंगाखाली काय आहे हे रोज डोळ्यांसमोर असूनही दिसलं नाही.

कॉटर पिन काढून नट सोडला, पंखा हातात घेतला. पंख्याच्या बोंडावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा, पाणी निसटलं नाही असं धरून, किती पुढे सरकेल ते अंतर. माझ्या पंख्याचं पिच 11 होतं, याचं 15. पिच एक इंचाने वाढलं की पूर्ण रेसचे साधारण 150 ते 200 आरपीएम कमी होतात. चार इंचांचे सहाशे ते आठशे. बाकीचे शंभर ते तीनशे मेकॅनिकच्या कार्बोरेटर सफाईत गेले असतील. जड गिअरवर चढ चढणाऱ्या सायकलवाल्यासारखं इंजिन दोन महिने धडपडत होतं. असं चालवत राहिलो असतो तर इंजिन तापून, कार्बन धरून रिंगा खरोखर गेल्या असत्या.

मग रत्नागिरीहून दुसरा मेकॅनिक बोलावला. त्याने आधी गेज लावला: दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर काळजी करायची, म्हणाला. मग झाकण काढून त्याने हेडच्या बोल्टांवर टॉर्च मारला. बोल्ट आणि हेड यांच्या सांध्यावरून गेलेला कंपनीचा रंग अखंड होता. हेड कधी उघडलंच नव्हतं. मला फळीवरची पुडी आठवली. आमच्या इंजिनाला दोन पिस्टन, प्रत्येकी दोन रिंगा, म्हणजे चार. पुडीत सहा निघाल्या.

हे सगळं त्याने ऑगस्टपासूनच आखलं होतं असं मला वाटत नाही. स्टीलच्या पंख्याला गिऱ्हाईक मिळालं असेल, त्याने माझा काढून पडीक होता तो लावला. मी तक्रार घेऊन परत गेलो तेव्हा त्याच चोरीतून दुसरी कमाई सुचली. फोनवर त्याने आधी पंखा माझाच असल्याचं सांगितलं, मग उचलणं बंद केलं. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन केला.  कागद म्हणून माझ्याकडे वहीचं पान, यूपीआयची नोंद, बोल्टांचे फोटो आणि सहा रिंगा आहेत. तक्रार दिली आहे.

आता इंजिन कुणाच्याही शेडमध्ये देताना पंखा मी घरी काढून ठेवतो.

जानेवारीत मालवणच्या जेटीवर पेट्रोलवाल्याची वाट बघत उभा होतो. शेजारी एक होडी इंजिन वर उचलून बांधलेली. तिच्या पंख्याच्या एका पात्यावर नखाएवढी बसकी जागा. होडीवाला अनोळखी, माझ्याच वयाचा. विचारलं तर म्हणाला, सप्टेंबरात घेतला, 14,000 दिले, होडी मस्त उठते आता. कुणाकडून घेतला ते त्याने सांगितलं. मी मोबाइलमधला माझ्या होडीचा जुना फोटो काढून त्याच्यापुढे धरला. तो बराच वेळ फोटोकडे आणि पंख्याकडे आळीपाळीने बघत राहिला, मग म्हणाला, "आता माझे चौदा हजार कोण देतलो?"