किलोवॅटवर जाऊ नका: एफ-रिबच्या बीमचं ग्राहकाच्या बाजूने परीक्षण

अमेरिकेत ईस्ट लान्सिंगला, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात जमिनीखाली सुमारे 10 मीटरवर एक लिनॅक, म्हणजे आयनांना वेग देणारा रेषीय प्रवेगक, आहे. त्यातला आयनांचा झोत (बीम) टार्गेटवर आदळला की दुर्मिळ समस्थानिकं तयार होतात, आणि संशोधक अर्ज करून त्यांचा बीम आपल्या प्रयोगासाठी मागतात. पूर्ण नाव 'फॅसिलिटी फॉर रेअर आयसोटोप बीम्स', बोलताना एफ-रिब. खर्च सुमारे 73 कोटी डॉलर. 2 मे 2022 ला उद्घाटन झालं आणि त्याच महिन्यात पहिला प्रयोगही लागला. माहितीपत्रक कुठलंही उघडा, पहिला आकडा 400 किलोवॅट, म्हणजे बीमची शक्ती, हाच. बीम मागणाऱ्याला मात्र त्या आकड्याचा उपयोग फार थोडा. आपल्या डिटेक्टरवर सेकंदाला किती केंद्रकं पडणार, त्यांत आपल्याला हवी ती किती, आणि किती तास मिळणार, हे विचारा. या तीन प्रश्नांवर एफ-रिब कुठे उत्तम आहे आणि कुठे हात आखडते, ते खाली.

आधी 400 चा हिशोब करून टाकू. तो आराखड्यातला आकडा आहे. सुरुवात 1 किलोवॅटने झाली, मग 5, 10 असं करत 2025 मध्ये 20 पर्यंत मजल गेली. हा संथपणा आळशीपणाचा नाही. बीम टार्गेटवर जेमतेम 1 मिलिमीटरच्या ठिपक्यात उतरतो आणि पूर्ण ताकदीला त्यातली सुमारे पाव शक्ती, म्हणजे 100 किलोवॅटपर्यंत, टार्गेटमध्येच जिरते. ग्रॅफाइटची तबकडी गरगर फिरवली नाही तर तिला भोक पडेल. आराखड्यात 30 सेंटिमीटर व्यासाच्या तबकड्यांची चळत मिनिटाला 5000 फेऱ्यांनी फिरवायची आहे. उरलेली शक्ती बीम डम्पने, म्हणजे न वापरलेला बीम अडवणाऱ्या भागाने, गिळायची, तो आणखी अवघड प्रश्न. शक्ती एकदम वाढवून डम्प फाटला तर किरणोत्सारी भाग बदलण्यात महिनोन्‌महिने जातील. तेव्हा टप्प्याटप्प्याने जाण्याचं धोरण बरोबरच आहे. फक्त अर्ज लिहिताना 400 धरू नका. त्या वर्षी जाहीर केलेली शक्तीच धरा.

शिवाय किलोवॅट आणि आयनांची संख्या ही एक गोष्ट नव्हे. प्रति न्यूक्लिऑन (केंद्रकातला प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) 200 एमईव्ही, म्हणजे 200 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, धरले तर कॅल्शियम-48 च्या एका आयनाची ऊर्जा 9.6 जीईव्ही (9600 एमईव्ही) होते. म्हणजे 10 किलोवॅटला सेकंदाला सुमारे 6.5×10¹² आयन. त्याच 10 किलोवॅटला युरेनियम-238 चे फक्त 1.3×10¹². शक्ती तीच, आयन पाचपट कमी.

आता पुढची पायरी. टार्गेट कार्बनचं, जाडी चौरस सेंटिमीटरला 1 ग्रॅम, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास ग्रॅफाइट. त्यात चौरस सेंटिमीटरला 5×10²² अणू. तुम्हाला हव्या असलेल्या समस्थानिकाचा छेद, म्हणजे ते तयार होण्याची शक्यता सांगणारं क्षेत्रफळ, 1 फेम्टोबार्न (10⁻³⁹ चौरस सेंटिमीटर) असेल, तर 10 किलोवॅट कॅल्शियम-48 वर दिवसाला सुमारे 28 केंद्रकं तयार होतील. सेपरेटरमधून, म्हणजे हवी ती केंद्रकं निवडणाऱ्या चुंबकांच्या रांगेतून, निम्मी पार पडली तर 14. अर्धायुकाल मोजायला आठवडाभरात शंभरेक केंद्रकं हातात येणं हा जगात फार कमी ठिकाणी जमणारा प्रकार आहे, आणि एफ-रिबचं खरं बलस्थान तेच. हे गणित हाताने करून पाहाच. मग तिथेच विकसित झालेल्या आणि फुकट मिळणाऱ्या लीज++ या संगणक-प्रणालीत टार्गेट, वेज (बीमच्या वाटेतली धातूची पाचर) आणि स्लिट (नको ते अडवणारी फट) घालून ट्रान्समिशन, म्हणजे पार पडणारा वाटा, काढा. दोन्ही उत्तरांत दहापट फरक आला तर बहुतेक वेळा लीजमध्ये स्लिट बंद राहिलेली असते किंवा विद्युतभाराची अवस्था चुकीची निवडलेली असते.

यंत्राकडे वळू. सुपरकंडक्टिंग कॅव्हिटी (आयनांना ढकलणारे धातूचे पोकळ कप्पे) 324, त्यांना थंड ठेवणारी क्रायोमॉड्यूल 46, आणि सगळी रांग घडी घालून तीन समांतर तुकड्यांत बसवलेली. या भागाबद्दल तक्रारीला जागा नाही. त्यातली सर्वात देखणी गोष्ट म्हणजे लिथियम स्ट्रिपर. युरेनियमचे आयन पहिल्या तुकड्यातून बाहेर पडले की त्यांचे आणखी इलेक्ट्रॉन ओरबाडावे लागतात, म्हणजे पुढच्या कॅव्हिटी त्यांना जास्त ढकलू शकतात. यासाठी नेहमी कार्बनची पातळ पापुद्री वापरतात, पण एवढ्या तीव्रतेचं युरेनियम तिची जाळी विस्कटून टाकतं. जाडी बदलते, ऊर्जा सरकते, शेवटी पापुद्री फाटते. इथे पापुद्र्याच्या जागी वितळलेल्या लिथियमचा पडदा आहे: जाडी 10 ते 20 मायक्रॉन, वेग सेकंदाला 50 मीटरहून जास्त. आयनाने बिघडवलेला भाग लगेच पुढे निघून जातो आणि त्या जागी ताजा द्रव येतो. लिथियम सुमारे 180 अंशांना वितळतं, म्हणून सगळा मार्ग सतत गरम ठेवावा लागतो, आणि हवा-पाण्याशी त्याचं जमत नाही म्हणून सभोवती आर्गॉन. एवढा खटाटोप कशासाठी? बीम लांब पल्ल्याला स्थिर राहावा म्हणून. त्यात भर म्हणजे स्ट्रिपरनंतर वेगवेगळ्या भाराचे आयन तयार होतात, त्यातली एकच अवस्था निवडली तर बाकी सगळं वाया. इथे युरेनियमच्या पाच अवस्था एकत्र प्रवेगित करून टार्गेटवर एकाच ठिपक्यात आणायची सोय आहे.

टार्गेटनंतर आरिस हा तीन टप्प्यांचा सेपरेटर. चुंबक, मग ॲल्युमिनियमचा वेज, मग पुन्हा चुंबक. पहिल्या चुंबकात संवेग आणि भार यांच्या गुणोत्तरावर निवड होते. वेजमध्ये अणुक्रमांकानुसार कमीजास्त ऊर्जा जाते. दुसऱ्या चुंबकात तो फरक जागेच्या फरकात उतरतो. ही चाळण कॅल्शियमच्या आसपास झकास चालते. प्लॅटिनमच्या भागात ती भोकं मोठी करते. कारण या ऊर्जेला जड आयन एखाददुसरा इलेक्ट्रॉन धरून ठेवतात. उदाहरण पाहा: सगळे इलेक्ट्रॉन गेलेल्या प्लॅटिनम-198 चं वस्तुमान-भार गुणोत्तर 198/78, म्हणजे 2.538. एक इलेक्ट्रॉन चिकटलेल्या प्लॅटिनम-195 चं 195/77, म्हणजे 2.532. फरक पाव टक्क्याचा, अणुक्रमांक एकच, त्यामुळे ऊर्जाऱ्हासाच्या मोजमापातही दोघं एकाच जागी दिसणार. वेगळं करायचं तर आयन सिलिकॉनच्या थरांत थांबवून एकूण ऊर्जा मोजायची, आणि तीही दीड टक्क्याहून चांगल्या अचूकतेने. ज्यांनी अर्जात सिलिकॉनची चळत लिहिलेली नाही आणि शुद्धता 90 टक्के लिहिली आहे, त्यांचा अर्ज पहिल्याच वाचनात पडावा असं आमचं मत आहे. नीट केलं तर फळ मिळतं: 2024 मध्ये प्लॅटिनम-198 च्या बीममधून थुलियम-182 आणि 183, यटर्बियम-186 आणि 187, ल्युटेशियम-190 अशी पाच नवी समस्थानिकं इथेच ओळखली गेली.

हा दोष मुळात ऊर्जेचा आहे, आणि तीच या दुकानाची सर्वात मोठी उणीव. जपानमध्ये रिकेन संस्थेच्या सायक्लोट्रॉनमधून (वर्तुळाकार प्रवेगक) युरेनियम प्रति न्यूक्लिऑन 345 एमईव्हीला निघतं, जर्मनीत जीएसआय प्रयोगशाळेकडे त्याहून खूप वर जाता येतं. ऊर्जा जास्त तर इलेक्ट्रॉन कमी चिकटतात, टार्गेट जाड चालतं, आणि युरेनियमच्या विखंडनातून उडालेले तुकडे अरुंद शंकूत राहतात. एफ-रिबमध्ये विखंडनाचे तुकडे बरेच फाकतात आणि त्यांतले पुष्कळ सेपरेटरच्या तोंडाशीच गळतात. ऊर्जा प्रति न्यूक्लिऑन 400 एमईव्हीपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आहे. त्यासाठी बोगद्यात 80 मीटर जागा आधीच मोकळी ठेवलेली आहे आणि 644 मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटींवर कामही झालेलं आहे. पण आज ते विकत घेण्याजोगं नाही, तेव्हा गुण द्यायचे ते आजच्या मालाला.

दुसरी अडचण डिटेक्टरच्या बाजूची. वेगवान बीमसाठीचा एस-800 स्पेक्ट्रोमीटर जुना आणि भरवशाचा आहे, पण त्याची मर्यादा 4 टेस्ला-मीटर (आयन चुंबकाने वळवणं किती अवघड, त्याचं माप). प्रति न्यूक्लिऑन 200 एमईव्हीचं कॅल्शियम-50 वळवायला साधारण 5.4 लागतात. म्हणजे बीम मुद्दाम प्रति न्यूक्लिऑन 115 एमईव्हीच्या आसपास मंद करायचा. मंद करताना केंद्रकं अणुक्रिया करून गळतात, ठिपका पसरतो, आणि तुमचं दुय्यम टार्गेटही पातळ ठेवावं लागतं. नवीन हाय रिजिडिटी स्पेक्ट्रोमीटर 8 टेस्ला-मीटरचा आहे. तो तयार झाला की हे दुखणं संपेल. तोवर न्यूट्रॉन काढून घेण्याच्या अणुक्रियांचा अर्ज करणाऱ्याने आरिसच्या आणि एस-800 च्या सेटिंगचे आकडे वेगवेगळे द्यावेत. एकच आकडा दिला की तांत्रिक छाननी करणारे अर्ज प्रश्नांसह परत पाठवतात.

थांबवलेले बीम हवे असतील, म्हणजे पेनिंग ट्रॅपमध्ये (चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रांचा पिंजरा) वस्तुमान मोजायचं किंवा लेसरने केंद्रकाची त्रिज्या काढायची, तर आयन हेलियमने भरलेल्या कोठडीत थोपवतात आणि विद्युतक्षेत्राने बाहेर काढतात. इथे एक फायदा मोठा आहे. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या आयसोल्डेसारख्या ठिकाणी समस्थानिक जाड, तापलेल्या टार्गेटमधून झिरपून यावं लागतं. टंगस्टन किंवा झिर्कोनियमसारखे धातू तिथून निघता निघत नाहीत. एफ-रिबला मूलद्रव्याच्या रसायनाची पर्वा नाही. मात्र जे रसायन टार्गेटमध्ये टळलं ते कोठडीत गाठतं: हेलियममध्ये पाण्याची वाफ किंवा हायड्रोकार्बन अब्जांश भागात जरी असले तरी क्रियाशील आयन त्यांना चिकटतो आणि तुमचं उत्पादन वेगवेगळ्या वस्तुमानांच्या रेणूंत वाटलं जातं. शीत कोठडीने हे बरंच कमी होतं. दुसरी मर्यादा गर्दीची. फार तीव्र बीम आत सोडला की हेलियमच्याच धन आयनांचा ढग साचतो आणि बाहेर काढणारं क्षेत्र निष्प्रभ होतं. म्हणून थांबवलेल्या बीमला प्राथमिक शक्ती दुप्पट केल्याने उत्पन्न दुप्पट होईलच असं नाही. हेच आयन पुढे पुनर्प्रवेगकात घालून प्रति न्यूक्लिऑन काही एमईव्हीला नेता येतात, पण प्रत्येक पायरीवर गळती. सुरुवातीला लाखभर आणि शेवटी हजारभर, अशी तयारी ठेवा.

किरणोत्सारी ऱ्हास मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. जास्त बीम मागू नका. 40×40 पट्ट्यांच्या सिलिकॉनवर ठिपका सुमारे 400 चौकटींत पसरला आणि सेकंदाला 100 आयन आले, तर एका चौकटीत सरासरी 4 सेकंदांनी एक. अर्ध्या सेकंदापर्यंतच्या अर्धायुकालाला हे ठीक. सेकंदाला 1000 आयन सोडले की ऱ्हासात निघालेला बीटा कण कोणत्या आयनाचा, हे कोडं होऊन बसतं. तीव्रता वाढवण्यापेक्षा वेज जाड करून अशुद्धी काढणं इथे जास्त फायद्याचं.

दाम. निष्कर्ष जाहीर करणाऱ्या संशोधनाला बीम फुकट. प्रवास, राहणं आणि आपली उपकरणं आपली. निकाल गुप्त ठेवायचे असतील तर पैसे. चिपवर किरणोत्साराचा परिणाम तपासणाऱ्या कंपन्यांसाठी वेगळी विक्रीची व्यवस्था आहे, आणि 1982 चा के-500 सायक्लोट्रॉनही त्याच कामाला लावला गेला आहे. फुकट मालाची रांग मात्र लांब: पहिल्या सल्लागार समितीपुढे 2021 मध्ये 82 प्रस्ताव आले, मंजूर झाले 34. भारतातून जाणाऱ्याने व्हिसा आणि परदेशी पाहुण्यांची छाननी यांना मंजुरीनंतर लगेच हात घालावा. बीमची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही.

आणि सगळ्यांनी इथे यावंच असंही नाही. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आवारात 1988 पासून 14 दशलक्ष व्होल्टचं पेलेट्रॉन, म्हणजे उच्च विद्युतदाबावर चालणारा प्रवेगक, आहे, पुढे शिसं चढवलेल्या 28 तांब्याच्या रेझोनेटरचा सुपरकंडक्टिंग लिनॅक आहे. स्थिर केंद्रकांच्या मीलनातून गॅमा वर्णपट काढायचा, फिरणाऱ्या केंद्रकांच्या पातळ्या शोधायच्या, तर तिथे हवं ते मिळतं. ऋण आयनांपासून सुरुवात असल्याने क्रिप्टॉन-झेनॉन मागू नका, आणि मीलनातून न्यूट्रॉन-तुटीचीच बाजू हाती लागते. कॅल्शियम-48 च्या पलीकडे, न्यूट्रॉनच्या काठावर, म्हणजे केंद्रकात आणखी न्यूट्रॉन मावत नाहीत त्या सीमेकडे, जायचं असेल तेव्हाच ईस्ट लान्सिंग.

अर्जात शेवटी दोन ओळी राखून ठेवा. पहिली: जाहीर शक्तीच्या निम्म्यावर प्रयोग झाला तरी काय हाती लागेल. दुसरी: त्याच प्राथमिक बीमवर, त्याच आरिस सेटिंगच्या जवळ, तुमचा दुसरा समस्थानिक कोणता. सेटिंग बदलून बीम पुन्हा ओळखायला तास जातात आणि ते तुमच्याच मंजूर तासांतून वजा होतात.