ईएसजी स्कोअर काढून देणारी सर्व्हिस : व्हिजिटला पैकीच्या पैकी, स्कोअरला काठावर पास

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आपलं छोटं वर्कशॉप आहे, कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशिनं, सहा सीएनसी, दोन व्हीएमसी, कॉन्ट्रॅक्टवाले धरून बावीस माणसं. जवळपास सगळं जॉबवर्कच, म्हणजे माल कस्टमरचा, मजुरी आमची. मागच्या वर्षी मोठ्या कस्टमरचा मेल आला की सगळ्या व्हेंडरनी ईएसजीचा (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) फॉर्म भरून पाठवा, वीज किती, पाणी किती, अपघात किती, बायका किती कामाला आहेत, सगळं. म्हटलं हे काय नवीन. मग कळलं की शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं वरच्या 1000 लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर नावाचा, याच ईएसजी गोष्टींचा रिपोर्ट सक्तीचा केलाय आणि 2023 मध्ये त्याचा 'कोअर' भाग आणताना सप्लायरची आकडेवारी पण त्यात ओढली, म्हणून ते लोक खाली आमच्याकडे ढकलतायत. ठीक आहे, करू.

मग आपल्या नाशिकमधल्याच एका कन्सल्टन्सीचं वर्षाचं पॅकेज घेतलं. 45,000 अधिक जीएसटी, म्हणजे 53,100 ला पडलं. त्यात त्यांचं ऑनलाइन सॉफ्टवेअर, दोन व्हिजिट, आणि शेवटी एक रिपोर्ट, ज्यात तुमचा स्कोअर आणि तुमच्या 'सेक्टर'च्या सरासरीशी तुलना. नाव टाकत नाही, कारण चुका दाखवल्यावर त्यांनी अर्ध्या तरी दुरुस्त केल्या, आणि एमआयडीसीत उद्या पपया नर्सरीच्या सिग्नलला समोरासमोर यायचंच आहे.

आधी चांगलं सांगतो. पहिल्या व्हिजिटला ज्या मॅडम आल्या त्या खरंच हुशार. ऑफिसात चहा पीत बसून फॉर्म भरतील असं वाटलेलं, पण बाई सरळ शॉपफ्लोअरवर. म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं बंद ठेवा, फक्त हवेचा कंप्रेसर चालू राहू द्या. आणि मोबाइलवर घड्याळ लावून उभ्या राहिल्या. हवा कोणीच वापरत नाहीये तरी दहा मिनिटांत कंप्रेसर चार मिनिटं लोडवर, म्हणजे हवा भरत! म्हणजे 40 टक्के हवा नुसती गळतीत. आमचे कंप्रेसरवाले मामा म्हणे, आवाज तर रोजचाच आहे ना. रोजचाच आहे, तेच तर दुखणं. दोन दिवसांत पाइप, फिटिंग, दोन हवेच्या गन बदलल्या, आणि महावितरणच्या बिलात महिन्याला हजार-बाराशे युनिटचा फरक पडला. कन्सल्टन्सीची फी पाच महिन्यांत वसूल, एवढ्यासाठीच घेतलं असं समजा.

आता सॉफ्टवेअर.

पहिल्याच रिपोर्टमध्ये आम्ही फोर्जिंगवाले, म्हणजे धातू तापवून ठोकणारे! एनआयसी कोड, म्हणजे सरकारी यादीतला उद्योगाचा नंबर, 2591 टाकलेला, तो फोर्जिंग-प्रेसिंगचा. माझ्याकडे भट्टी सोडा, गॅसची शेगडी पण फक्त चहाची. फोन केला तर दुरुस्त करून 2592 केला. हा बरोबर आहे, पण त्यातही गंमत बघा, 2592 मध्ये मशीनिंग आणि धातूवरचं कोटिंग-प्लेटिंग दोन्ही एकत्रच येतं. म्हणजे ॲसिडच्या टाक्या घेऊन बसलेला, प्रदूषण मंडळाच्या यादीत रेड म्हणजे सगळ्यात प्रदूषणकारी कॅटेगरीत असलेला प्लेटिंगवाला आणि नुसता कूलंट वापरणारा मी, एकाच सरासरीत. त्यामुळे पाणी आणि घातक कचऱ्यात आमची तोंडभर तारीफ, 'सेक्टरपेक्षा उत्कृष्ट' म्हणे. मी काही केलेलं नाही हो, मी फक्त प्लेटिंग करत नाही.

पण खरी बोंब विजेच्या आकड्यात. तिथे आम्ही 'अतिशय खराब'. दोन रात्री डोकं लावलं तेव्हा उलगडलं. हे लोक वापरलेली वीज भागिले टर्नओव्हर करतात. आमचं वर्षाला साधारण 1,10,000 युनिट, टर्नओव्हर 1 कोटी 20 लाख, म्हणजे लाखाला 917 युनिट. शेजारच्या गाळ्यात एक मित्र आहे, तशीच मशिनं, तेवढीच वीज, पण तो लोखंडाचे बार स्वतः विकत घेतो आणि पूर्ण पार्ट विकतो, त्याचा टर्नओव्हर साडेतीन कोटी. त्याचं येतं लाखाला 314. आता सांगा, तो तिप्पट चांगला का? आम्ही जॉबवर्कवाले, माल कस्टमरचा, आमच्या बिलात फक्त मजुरी. लोखंडाची किंमत त्याच्या टर्नओव्हरमध्ये, म्हणजे भागाकाराच्या खालच्या आकड्यात आली आणि माझ्या नाही, बाकी काही फरक नाही.

आमच्या सीएला सांगितलं तर तो हसला, म्हणाला अरे सरकारचा जो वार्षिक उद्योग सर्व्हे असतो त्यात याच कारणासाठी मूल्यवर्धन काढतात, म्हणजे एकूण उत्पादनातून माल, वीज, बाहेरच्या सर्व्हिसेस वजा करून कारखान्याने स्वतः किती भर घातली ते. त्या हिशेबाने मी आणि मित्र दोघंही 80 लाखाच्या आसपास येतो, आणि वीज दोघांची लाखाला 1375 युनिट. बरोब्बर सारखी! हे मी एक्सेल करून कन्सल्टन्सीला पाठवलं. उत्तर आलं की फॉरमॅटमध्ये टर्नओव्हरच आहे सर. बीआरएसआरमध्ये टर्नओव्हरवर आकडा मागतात हे खरंय, पण त्यातच उत्पादनाच्या नगावर किंवा टनावर पण आकडा द्यायची जागा आहे, ती यांनी रिकामी सोडलेली. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये नगावर घातला, तेही तीन फोननंतर.

कार्बनचंही तसंच. विजेच्या युनिटला 0.82 किलो कार्बन डायऑक्साइड धरलेला, तो फार जुना आकडा आहे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा 2023-24 चा 0.727 आहे. आमच्या युनिटवर 90 टनाचे 80 टन होतात, काही न करता दहा टन कमी. वर्षाला 45,000 घेणाऱ्याने निदान हा आकडा ताजा ठेवायला हवा ना राव.

माणसांच्या भागात एक अपघात धरलाय, धरायलाच हवा, एका पोराचं बोट चेपलं होतं, चार दिवस घरी होता. पण त्याचा दर काढतात दहा लाख मनुष्य-तासांवर. बावीस माणसांचे वर्षाचे तास होतात 52,800 च्या आसपास, म्हणजे एका अपघाताने दर जवळपास 19, आणि ग्राफ लालभडक. यंदा एकही नाही झाला तर शून्य, आणि आम्ही एकदम हिरो. हजारो माणसांच्या कारखान्याला हा दर काहीतरी सांगत असेल, बावीस माणसांत तो नुसता उड्या मारतो. तीन-पाच वर्षांचं एकत्र दाखवा म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये सोयच नाही. बरं, याच सॉफ्टवेअरच्या 'एकूण कर्मचारी' रकान्यात कॉन्ट्रॅक्टची नऊ माणसं पहिल्यांदा आलीच नव्हती, मॅडमनी मस्टर (हजेरीपुस्तक) बघून टाकायला लावली. पीएफ-ईएसआयची चलनं पण त्यांनीच तपासली.

आणि आर्थिक बाजू? एक पान. नफा वाढला का कमी झाला, बस. कस्टमर पेमेंट 90 दिवसांनी देतो, त्यात आमची किती कळ निघते, त्याचा कुठे रकानाच नाही. म्हणजे मला ईएसजी विचारणाऱ्याचाच ईएसजी मोजायची सोय नाही.

शेवटी या सगळ्याचा मिळून एक आकडा, 100 पैकी 58. पर्यावरणाला 40 टक्के वजन, बाकी दोघांना 30-30, का तर त्यांनी ठरवलंय. असा एकच आकडा काढायची खोड जुनीच आहे, 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने आयआयटी दिल्लीबरोबर देशातल्या 88 औद्योगिक क्षेत्रांना असाच निर्देशांक लावला होता आणि 70 च्या वर गेलेली 43 क्षेत्रं गंभीर प्रदूषित ठरली, आपलं चंद्रपूर त्यात होतं. पण तिथे हवा, पाणी, जमीन यांचे वेगवेगळे आकडे पण दिले होते, कुठे दुखतंय ते कळायचं. आमच्या 58 मध्ये काय दुखतंय ते मला 53,100 देऊन स्वतःच शोधावं लागलं.

कोणाला घ्यायची असेल तर पैसे भरायच्या आधी एवढं विचारून घ्या की सेक्टरची सरासरी कुठल्या देशाच्या कुठल्या कारखान्यांवरून काढली. मला 'इंटरनॅशनल डेटाबेस' एवढंच उत्तर मिळालं. आणि जॉबवर्क करत असाल तर ते पहिल्या मीटिंगलाच ठणकावून सांगा. नुसतं सर्टिफिकेटच हवं असेल तर आधी झेडकडे (केंद्र सरकारचं छोट्या उद्योगांसाठीचं 'झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट' सर्टिफिकेट) बघा, मायक्रो म्हणजे सगळ्यात छोट्या युनिटला फीवर 80 टक्के सबसिडी आहे. माझ्या कस्टमरला मात्र त्यांचाच फॉर्म भरून हवा होता, म्हणून इकडे आलो.

पाचपैकी तीन स्टार. त्यातले अडीच मॅडमचे. रिन्यूअलचा मेल आलाय, मी उलट विचारलंय की सॉफ्टवेअर काढून टाकून फक्त दोन व्हिजिटचे किती घ्याल, आणि त्याच मॅडम येणार असतील तरच. अजून उत्तर नाही.