एटीव्हीचा ब्रेक लाइट: लिव्हरखालचा स्विच की प्रेशर स्विच?

एटीव्ही म्हणजे हँडलवर चालणारी, जाड टायरची उघडी चारचाकी. तिचा ब्रेकचा दिवा बिघडला आणि बल्ब, फ्यूज, अर्थिंग हे तिघे निर्दोष सुटले की संशय ब्रेकच्या स्विचवर येतो. चावी चालू ठेवून स्विचच्या दोन्ही वायरी सोडवा आणि एकमेकींना टेकवा. दिवा लागला तर बाकीचं वायरिंग ठीक आहे, स्विचच गेला. दिवा सारखाच पेटलेला राहत असेल तर उलटं करायचं: हाताच्या आणि पायाच्या ब्रेकचे स्विच एकेक करून सोडवायचे. ज्याच्या वायरी काढल्यावर दिवा विझला, तो अडकलेला. इथपर्यंत कुठल्याही गॅरेजवाल्याची गरज नाही.

खरा प्रश्न त्यानंतरचा. हाताच्या ब्रेकला आहे तसाच लिव्हरखालचा छोटा स्विच पुन्हा बसवायचा, की ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा प्रेशर स्विच घ्यायचा?

लिव्हरचा स्विच स्वस्त असतो आणि स्क्रू काढला की हातात येतो. ब्रेकच्या लाइनला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. शिवाय लिव्हर नुसता टेकवला तरी दिवा लागतो, मागच्याला लवकर कळतं. गाडी रिसॉर्टवर फिरवायला असेल, धुऊनपुसून शेडमध्ये उभी राहत असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. हाच बसवा.

आमची गाडी नाशिकजवळ दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत चालते आणि तिथे हिशोब बदलतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की गंधकाची धूळ आणि बोर्डोचे शिंतोडे हँडलवर बसतातच. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, दोन्ही वाळून घट्ट होणारे. त्या स्विचची प्लास्टिकची खुंटी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्याभोवती निळसर पांढरी कड जमते, खुंटी आत-बाहेर व्हायला कुरकुरते, कधी अडकूनच बसते. आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात. स्प्रे मारून, ब्रशनं घासून स्विच पुन्हा चालू होतो, नाही असं नाही. पण पुढच्या फवारणीपर्यंतच. एलईडी लावला असेल तर आणखी एक गंमत: ओल्या स्विचमधून झिरपणाऱ्या थोड्याशा करंटवरही तो मंद पेटलेला राहू शकतो. 21 वॉटच्या जुन्या बल्बला तेवढ्यानं काही होत नाही.

दिवा बंद पडला तर मागचा माणूस ओरडून सांगतो. अडकून सारखा पेटलेला राहिला तर मात्र कोणी काही बोलत नाही, कारण पाहणाऱ्याला वाटतं की आपण ब्रेक धरलाय. संध्याकाळी ओळीतून बाहेर पडताना माझ्यामागे पुतण्या ट्रॅक्टरला ब्लोअर (फवारणीचं यंत्र) लावून येत होता. मी थांबलो, तो अगदी चाकाला चाक लागेपर्यंत आला. विचारलं तर म्हणाला, "काका, तुमचा दिवा सारखाच लागलेला असतो, मी बघायचंच सोडलंय." माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. किंमत, टिकाऊपणा हे मुद्दे नंतरचे.

प्रेशर स्विचचा दिखावा काही नाही. मास्टर सिलिंडरवर (लिव्हरजवळचा, ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) ब्रेक पाइप धरून ठेवणारा जो पोकळ बोल्ट असतो, त्याच्या जागी स्विच असलेला बोल्ट बसतो. दोन वायरी बाहेर येतात आणि कुठली कुठे लावली यानं फरक पडत नाही. बाहेर हलणारी खुंटी नसल्यामुळे बोर्डोला धरायला जागाच उरत नाही. वायरीच्या टोकांना थोडं ग्रीस आणि वरून रबरी टोपी, एवढी काळजी पुरते.

त्याचेही नखरे आहेत, ते लपवत नाही. आटे आधी जुळवून पाहा. 10 मिलिमीटरच्या बोल्टमध्येही 1.0 आणि 1.25 मिलिमीटर असे दोन पिच (दोन आट्यांमधलं अंतर) येतात आणि चुकीचा बोल्ट दोन फेरे बसतो, मग मास्टर सिलिंडरचे आटे खातो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत लेथवाले हवं ते घडवून देतील, पण ब्रेकचा बोल्ट तिथून करून घेऊ नये असं माझं मत. तांब्याचे वॉशर नवेच घालायचे. लाइन उघडली म्हणजे हवा काढणं आलं. लिव्हर दगडासारखा लागेपर्यंत सोडायचं नाही. ब्रेक ऑइल टाकीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो. आणि हा स्विच गेला की गेला, त्यात उघडून साफ करण्यासारखं काही नसतं.

एक गोष्ट सवयीची आहे. दाब तयार झाल्याशिवाय दिवा लागत नाही, त्यामुळे उतारावर दोन बोटांनी हलका ब्रेक धरला तर कधीकधी तो लागतच नाही. काहींना हे खटकेल, आणि त्यांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. माझ्याकडे मोजमाप नाही, पण प्रेशर स्विच बसवल्यापासून अडकलेला दिवा मला दिसलेला नाही, आणि पुतण्या आता अंतर ठेवून येतो.

पायाच्या ब्रेकचा स्प्रिंगवाला स्विच मात्र मी तसाच ठेवलाय. तो खाली असला तरी उघडा, धुवायला सोपा. दिवा उशिरा लागत असेल तर त्याची नट फिरवायची, स्विचचं अंग धरून ठेवायचं. अंग फिरवलं की वायरी पिळतात.

बदलायचाच असेल तर छाटणीआधी बदला. फवारण्या सुरू झाल्या की गाडी अर्धा दिवस उभी करायला घरात कोणी तयार होत नाही.