किराण्याचा गाळा: वर्धा रोड की हिंगणा?
लहान भावाला नागपुरात दुकान टाकायचंय म्हणून दोन्हीकडे फिरून आलो. वर्धा रोडला मिहान (विमानतळाजवळचा उद्योगांचा मोठा प्रकल्प), टीसीएस, एम्स, 2019 पासून खापरीपर्यंत मेट्रो, त्यामुळे बघावं तिकडे टॉवर, पण अर्ध्या बिल्डिंगांत अजून सेंट्रिंगच्या बल्ल्या, खाली गिट्टीचे ढीग न संध्याकाळी लाईट मोजक्याच फ्लॅटमध्ये, मग रोज तेल-साखर घेणार कोण? पाच-सात वर्षं थांबायची ताकद असेल तर ठीक आहे. हिंगण्याला एमआयडीसी जुनी, शिफ्ट सुटली की टपरीवर उभं राहायला जागा नसते, लोकमान्य नगरची मेट्रो 2020 मध्येच आली न समृद्धी महामार्ग पण शिवमडक्याहून, म्हणजे जवळूनच सुरू होतो. धूळ फार आहे, ते खरंय. तरी मी त्याला हिंगण्यालाच गाळा बघ म्हटलं, गिऱ्हाईक आजच तिथं आहे.