श्वार्ट्झ राउंड्स: उपदेशाविना ऐकून घेणारा एक तास

आरोग्यसेवकांच्या मानसिक आधारासाठी राबवले जाणारे जे उपक्रम मी परिचारिका म्हणून जवळून पाहिले, त्यांत श्वार्ट्झ राउंड्स, म्हणजे रुग्णालयातल्या सर्वांनी एकत्र बसून कामाचे मानसिक ओझे बोलून दाखवण्याच्या बैठका, मला सर्वांत भरवशाचे वाटतात. केनेथ श्वार्ट्झ हे बोस्टनमधले वकील. फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार घेताना डॉक्टर-परिचारिकांच्या आपुलकीने त्यांना मोठा धीर दिला आणि १९९५ मध्ये, मृत्यूच्या थोडे दिवस आधी, त्यांनी रुग्णसेवेतली ही आपुलकी टिकावी म्हणून एक केंद्र स्थापन केले. पुढे सुरू झालेले हे राउंड्स २००९ मध्ये इंग्लंडमध्येही पोहोचले.

पद्धत साधी आहे. महिन्यातून एकदा, तासभर, रुग्णालयातले कोणीही यावे. तीन-चार जण आधी तयारी करून आपला एकेक अनुभव थोडक्यात सांगतात आणि उरलेला वेळ श्रोत्यांचा असतो. उपचार बरोबर होते की चूक, याची चर्चा करायची नाही, सल्ला द्यायचा नाही आणि खोलीतले बोलणे बाहेर न्यायचे नाही. या नियमांमुळेच माणसे मोकळी होतात, असे मला ठामपणे वाटते.

एका तंत्रज्ञ मुलीने सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीने लिहिते. एका लहान मुलाचे रक्ताचे नमुने अनेक आठवडे तिच्याकडे येत होते. चेहरा कधी पाहिला नव्हता, पण नळीवरचे नाव आणि हळूहळू खालावत जाणारे आकडे तिला पाठ झाले होते. एके दिवशी नमुना आला नाही. विचारायचे कोणाला आणि कोणत्या नात्याने, हे न कळल्यामुळे ती गप्प राहिली. तिचे बोलणे संपल्यावर त्याच मुलावर उपचार करणारे डॉक्टर म्हणाले, "खाली प्रयोगशाळेतही कोणी त्याची वाट पाहत असेल, हे माझ्या मनातच आले नव्हते." त्यानंतर कितीतरी वेळ कोणी बोलले नाही आणि सूत्रसंचालकांनी ती शांतता भरून काढण्याची घाई केली नाही. चांगला सूत्रसंचालक इथेच ओळखू येतो.

मनोविश्लेषक मायकेल आणि एनिड बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये सुरू केलेले, डॉक्टर-रुग्ण नात्यावर बोलणारे डॉक्टरांचे गट अधिक खोलात जातात, मात्र तिथे या तंत्रज्ञ मुलीला जागा मिळाली नसती.

इंग्लंडमधील २०१८ च्या अभ्यासात श्वार्ट्झ राउंड्सना नियमित येणाऱ्यांमधील मानसिक त्रासाचे प्रमाण २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले, तर न येणाऱ्यांमध्ये ते ३७ वरून ३४ टक्क्यांवरच राहिले. अर्थात येणारे स्वेच्छेने आले होते, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचावेत.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. मी जिथे काम करते तिथे राउंड भर दुपारी होतो. अतिदक्षता विभागातल्या सिस्टरच्या जागी तेवढ्या वेळापुरते दुसरे कोणी मिळत नाही, रात्रपाळीवाले त्या वेळी झोपलेले असतात आणि सफाई कर्मचाऱ्यांपर्यंत निमंत्रणच पोहोचत नाही. म्हणजे ज्यांना गरज अधिक, तेच बाहेर राहतात. शिवाय अपुऱ्या मनुष्यबळाने आलेला थकवा बोलून जात नाही. त्यासाठी माणसेच भरावी लागतात आणि राउंड चालू आहेत म्हणून व्यवस्थापनाने ती जबाबदारी टाळणे मला अजिबात मान्य नाही.

२०२० च्या साथीत इंग्लंडमध्ये याच धर्तीवर ४५ मिनिटांची ऑनलाइन ‘टीम टाइम’ सत्रे सुरू झाली. रात्रपाळीसाठी तरी आमच्याकडे ती लवकर सुरू व्हावीत, अशी लेखी मागणी आम्ही काही जणींनी केली आहे.