रिटायरमेंट समजून घ्यायची तर पिक्चर बघायचा की काकांकडे बसायचं?

बाबा रिटायर होऊन मुंबईहून मालवणला आले आणि दोन महिन्यांत घरात नुसती चिडचिड, म्हणून मी म्हटलं चला, ‘नटसम्राट’ लावूया, २०१६ चा, नाना पाटेकरवाला. रंगभूमी सोडलेला नट सगळं मुलांना देऊन टाकतो आणि मग त्याचं स्थानच उरत नाही. बाबा गप्प झाले, डोळे पुसले, पण दुसऱ्या दिवशी परत तेच. पिक्चरचं हे असं असतं, अडीच-पावणेतीन तासांत सगळं पिळवटून काढतो, आणि आपल्या घरी तर एवढं काही घडतच नाही ना! मुलं घराबाहेर काढत नाहीत, नुसतं दुपारी चार वाजता काय करायचं ते कळत नाही.

शेजारचे काका मुंबईच्या कापड गिरणीतले. १९८२ च्या संपानंतर गावी आले, चाळिशीही झाली नव्हती. परवा ओटीवर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होते, सालं एकीकडे, बिया एकीकडे, आणि हात थांबवून म्हणाले, “पगाराच्या दिसाक मी कपडे घालून बसान ऱ्हवलंय, जावचा खय ता कळेना.” बाबा हसले आणि मग स्वतःचं बोलायला लागले, लोकलच्या टायमाला अजून जाग येते वगैरे.

काका तोच किस्सा दर वेळी थोडा वेगळा सांगतात, संपातली उधारी-बिधारी सोयीस्कर गाळतात, काकी आतून दुरुस्ती करते. तरी मला तेच जास्त उपयोगी वाटतं, कारण मध्येच थांबवून ‘मग काय केलंत?’ विचारता येतं. पिक्चर पहिल्यांदा रडायला बरा. आता बाबा रोज चारला तिकडे, रातांबे फोडायला.