कंबर धरलेल्या जुन्या पैलवानाने डीडीपीवाय घ्यावं का?

डीडीपीवाय हा मोबाईलवर किंवा टीव्हीवर बघून घरी करायचा व्यायामाचा कार्यक्रम. आधी त्याला डीडीपी योगा म्हणायचे, त्याच्याही आधी वायआरजी, म्हणजे ‘योगा फॉर रेग्युलर गाइज’. बनवणारा डायमंड डॅलस पेज, नव्वदच्या दशकात डब्ल्यूसीडब्ल्यू या टीव्हीवरच्या कुस्तीच्या कंपनीत गाजलेला आणि आता निवृत्त झालेला अमेरिकन पैलवान. साताऱ्यात, कराडात, खटाव-माणमध्ये तालीम सुटून दहा-पंधरा वर्षं झालेली माणसं भरपूर आहेत. मेहनत थांबली, खुराक मात्र तसाच राहिला. वजन शंभरच्या वर, कमरेत चमक, गुडघ्यात कटकट. हे परीक्षण त्यांना समोर ठेवून लिहिलंय.

आधी त्या माणसाबद्दल, कारण या व्यायामाची घडण त्याच्या कारकिर्दीतून आली आहे. आपल्याकडे पैलवान पस्तिशीत फड सोडतो. पेज त्या वयात रिंगमध्ये पहिल्यांदा उतरला. जन्म १९५६ चा. १९८८ मध्ये एडब्ल्यूए या तशाच दुसऱ्या कंपनीत तो दुसऱ्या पैलवानांचा मॅनेजर होता, १९९१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूत आला आणि तिथे ३५ व्या वर्षी स्वतः लढायला लागला. त्याचा हुकमी डाव डायमंड कटर: समोरच्याचं डोकं आपल्या खांद्यावर घट्ट अडकवायचं आणि दोघांनी एकदम खाली यायचं. डब्ल्यूडब्ल्यूईतल्या रँडी ऑर्टनचा आरकेओ हा डाव पाहिलेल्यांना तो लगेच ओळखू येईल. या धंद्यात निकाल आधी ठरलेला असतो, त्यामुळे आपल्या मातीच्या हिशोबाने ही कुस्ती नव्हे. पण पडणं खरं असतं. रिंगच्या कापडाखाली पातळ गादी, तिच्याखाली लाकडी फळ्या, त्याखाली लोखंडी तुळया. कटर मारणाराही दर वेळी त्याच फळ्यांवर आदळतो.

१९९८ मध्ये त्याच्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांजवळच्या गाद्या फाटल्या. वय ४२. कारकीर्द संपली असं डॉक्टरांनी सांगितलं. योग त्याच्यापुढे ठेवला तो त्याच्या तेव्हाच्या पत्नीने, किंबर्लीने. त्याने आसनं घेतली, त्यांत दुखापतीनंतरच्या पुनर्वसनाचे व्यायाम आणि जुन्या पद्धतीचे जोर मिसळले, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यात भर घातली. ११ एप्रिल १९९९ ला स्टिंग, हल्क होगन आणि तेव्हाचा विजेता रिक फ्लेअर यांच्यासोबतच्या चौरंगी लढतीत तो डब्ल्यूसीडब्ल्यूचा जागतिक विजेता झाला. तेव्हा त्याला ४३ पूर्ण झाली होती. २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, आणि जानेवारी २०२० मध्ये, ६३ व्या वर्षी, एईडब्ल्यू या नव्या कुस्ती कंपनीच्या सहा जणांच्या लढतीत वरच्या दोरावरून उडी मारून तो परत दिसला. मणक्याची गादी गेलेल्या माणसाचं शरीर त्यानंतर वीस वर्षं या व्यायामावर टिकलंय. जाहिरातीतल्या बाकी कुठल्याही वाक्यापेक्षा हे वजनदार आहे.

आता व्यायाम. सुरुवात ‘डायमंड डझन’ या पाठापासून करायची. नाव डझनाचं असलं तरी स्थिती तेरा आहेत. हा पाठ टाळून थेट पुढच्या, वीस-पंचवीस मिनिटांच्या ‘एनर्जी’ला हात घालणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. पुढच्या पाठांत पेज आणि त्याचे सहकारी स्थितीचं फक्त नाव उच्चारतात आणि पुढे जातात. नाव माहीत नसेल तर मान वळवून स्क्रीनकडे बघावं लागतं, आणि वाकलेल्या अवस्थेत मान वळवली की तिथेच आखडते. त्यामुळे पहिला आठवडा फक्त तेरा स्थिती, आरशासमोर.

नावं सगळी अमेरिकन खेळांची. टचडाऊन म्हणजे दोन्ही हात सरळ वर, कॅचर म्हणजे बेसबॉलमधल्या झेल घेणाऱ्यासारखी बैठक, रोड वॉरियर म्हणजे आपलं वीरभद्रासन, सेफ्टी झोन म्हणजे गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवणं. संस्कृत नावं काढून टाकल्याचा राग येऊ शकतो. पण योग हा शब्द ऐकूनच पाठ फिरवणाऱ्या पैलवानांना चटईवर आणायचं होतं, आणि ते त्याने जमवलं.

मग सूर्यनमस्कार असताना हे कशाला? साताऱ्यात हा प्रश्न येणारच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले, पुस्तकं लिहून ते जगापुढे नेले. निरोगी शरीराला नमस्कार आजही पुरेसे आहेत. अडचण येते ती बिघडलेल्या कमरेला. नमस्कारात गुडघे ताठ ठेवून खाली वाकायचं, तेही दर फेरीत दोनदा. मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या माणसाचा कमरेचा खुबा पुढे फिरत नाही, मग सगळा वाक मणक्यातून येतो आणि गादीच्या मागच्या भागावर ताण पडतो. नस आधीच दबलेली असेल तर पायात कळ जाते. डीडीपीवायमध्ये याच जागी गुडघे वाकवलेला प्रकार आधी शिकवतात: गुडघे सैल, पाठ फळीसारखी सपाट, वाक खुब्यातून. प्रत्येक स्थितीला अशी सोपी पायरी आहे, तिच्याही खालची पायरी आहे, आणि उभं राहणंच अवघड असेल त्यांच्यासाठी खुर्चीवरचे पाठ वेगळे आहेत. पैसे द्यायचे ते या पायऱ्यांसाठी. आसनं आपल्या घरचीच आहेत.

दुसरी गोष्ट ताणाची. त्याला पेज डायनॅमिक रेझिस्टन्स म्हणतो. हात नुसता वर न्यायचा नाही. मुठीत पाच किलोचं वजन आहे आणि कोणीतरी ते खाली खेचतंय, अशा ताकदीने न्यायचा, आणि खाली आणतानाही तेवढ्याच ताकदीने. म्हणजे दंडाचा पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी आवळलेला राहतो. वजन न उचलता नाडी वाढते ती यामुळे. हे कळलं नाही तर अख्खा पाठ हातवारे करण्यात जातो, घाम येत नाही, आणि दोन आठवड्यांत माणूस म्हणतो की यात दम नाही.

जोरांचंही तसंच. तीन आकडे मोजत खाली, तीन आकडे खाली धरून ठेवायचं, तीन आकडे मोजत वर. एका जोराला नऊ सेकंद, पाच जोरांना पाऊण मिनिट. तालमीत शे-दोनशे सपाट्या मारलेल्या माणसालाही सुरुवातीला हे पाच जड जातात, कारण झोक्याची मदत नाही. गुडघे टेकवून सुरू करा, यात कमीपणा नाही. जुन्या दुखापतीमुळे कोपर पूर्ण सरळ होत नसेल किंवा मनगट मागे वळत नसेल, तर पुशअप स्टँड, म्हणजे जमिनीवर ठेवून धरायच्या मुठी, वापरा. पंजा सपाट टेकवण्याचा हट्ट नको.

पैलवानांची खरी चूक मात्र वेगळीच असते: दम कोंडणं. पकड घट्ट करताना श्वास रोखायची सवय हाडात भिनलेली असते. इथे अंग आवळलेलं असतानाच श्वास रोखला तर रक्तदाब झपकन वर जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाठात श्वासाच्या सूचना आहेत, पण त्या भराभर येतात आणि अमेरिकन उच्चारांत येतात. माझ्या मते कार्यक्रमाची ही कमकुवत बाजू. उपाय साधा आहे. आकडे मोठ्याने मोजा, मराठीत. आवाज बाहेर पडतोय तोवर दम कोंडलेला नाही.

नाडी बघत व्यायाम करा, असं पेज सारखं सांगतो आणि ते बरोबर आहे. ढोबळ हिशोब २२० वजा वय. पन्नाशीतल्या माणसाचे १७० येतात, त्यातले ६० ते ७५ टक्के म्हणजे १०२ ते १२७ दरम्यान राहायचं. त्याच्या वर गेलं की सेफ्टी झोन. मनगटी घड्याळावर इथे विसंबू नका: मूठ आवळली की घड्याळाखालची कातडी आणि शिरा हलतात, आकडा भरकटतो. छातीला बांधायचा, नाडी मोजणारा पट्टा जास्त खात्रीचा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी पुरेशी वाढत नाही, मग हा हिशोब निरुपयोगी. तिथे दोन वाक्यं सलग बोलता येतात का, एवढंच बघा. आणि ही गोळी चालू असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

डायमंड कटर नावाची स्थितीही आहे. हात वर, बोटांनी हिऱ्याचा आकार, आणि मागे झुकायचं. मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांनी डोकं मागे टाकू नये, नजर समोरच्या भिंतीच्या वरच्या कडेवर ठेवावी. झुकणं छातीतून हवं, कमरेतून नको. पार्श्वभाग आवळला नाही तर सगळा भार नेमका त्याच चौथ्या-पाचव्या मणक्यावर जातो, ज्याच्यासाठी आपण हे सुरू केलं.

सामान थोडंच लागतं. शहाबादी फरशीवर पातळ चटई सरकते, पावसाळ्यात ओल आली की जास्तच. सहा मिलिमीटरची, खालून खरखरीत असलेली रबरी चटई घ्या. त्याहून जाड मऊ चटईवर एका पायावरचा तोल जातो. गुडघ्याखाली घोंगडीची चौपदरी घडी, तोल सांभाळायला हात नसलेली जड खुर्ची. प्लास्टिकची खुर्ची नको, भार टाकला की ती कलंडते.

आहाराचा भाग इथल्या माणसाने गाळून वाचावा. ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) आणि गाईचं दूध टाळा, असा पेजचा कल. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत ग्लूटेन नसतंच, तेव्हा अर्धं काम आपल्या चुलीवर आधीच झालेलं आहे. दूध सोडायची सक्ती सगळ्यांना लागू पडेल असं मला वाटत नाही. पण रोजचं दोन लिटर दूध, तूप आणि बदामाची थंडाई, हा दीड हजार बैठका मारणाऱ्याचा खुराक आहे. बैठका थांबल्या असतील तर तो अर्ध्याच्याही खाली आणावा लागेल. त्याशिवाय डीडीपीवायच काय, कशानेही पोट कमी होणार नाही.

जाहिरातीत आर्थर बूरमन या माजी सैनिकाचा व्हिडिओ हमखास दिसतो. पॅराशूटच्या उड्यांनी गुडघे आणि पाठ गेलेला हा माणूस कुबड्यांवर होता. त्याने दहा महिन्यांत १४० पौंड, म्हणजे साधारण ६३ किलो वजन उतरवलं आणि पळायला लागला. २०१२ पासून हा व्हिडिओ जगभर फिरतोय. व्हिडिओ खरा आहे, पण तो एका माणसाचा निकाल आहे. तो कितीदा पडतो आणि पुन्हा उभा राहतो ते त्यात बघा, किलोंचा आकडा आपल्याला लावू नका. जेक रॉबर्ट्स आणि स्कॉट हॉल या व्यसनांत बुडालेल्या जुन्या पैलवानांना पेजने स्वतःच्या घरी ठेवून उभं केलं, आणि २०१४ मध्ये दोघंही हॉल ऑफ फेममध्ये गेले. माणूस म्हणून पेजबद्दल आदर वाटावा असंच ते काम आहे. त्यात व्यायामाइतकाच सोबतीचा वाटा होता, आणि सोबत ॲपमधून मिळत नाही. तालमीतले दोघं-तिघं जुने गडी मिळून केलंत तर ती उणीव बरीच भरून निघते. शिवाय स्क्रीन तुमची पाठ बघू शकत नाही, शेजारचा बघू शकतो.

कास रस्त्यावर, यवतेश्वरच्या घाटात पळणाऱ्यांनी हे पळण्याऐवजी धरू नये. सुट्टीच्या दिवशीचा एक पाठ म्हणून ठीक आहे, खुबा मोकळा होतो.

पाय बधीर पडत असेल, पाऊल उचलताना लटकत असेल, लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखं वाटत असेल तर कुठलाही व्यायाम न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा. हर्निया असेल तर तो दाखवून घेईपर्यंत सुरू करू नका.

पैशाचं. किंमत डॉलरमध्ये असते, त्यावर बँक परकीय चलनाचा आकार लावते. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यावा लागतो, आणि आपोआप नूतनीकरण रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे अडकूही शकतं. वर्षाची वर्गणी लगेच भरू नका. तीन महिने पुरेत: पहिला डायमंड डझन आणि खुर्ची, दुसरा आठवड्यातून तीनदा एनर्जी, तिसऱ्यात जोरांचे पाठ. तोपर्यंत क्रम पाठ होतो. पुढे वर्गणी नको असेल तर नुसतं ॲप काढून टाकून भागत नाही, सबस्क्रिप्शनच्या पानावर जाऊन रद्द करावं लागतं, आणि ते पुढच्या हप्त्याच्या तारखेआधी.